चिलटांच्या चिठ्ठ्या

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जर्मनीतल्या हार्त्स डोंगरांच्या जंगलातून जमवलेल्या, एकशे बेचाळीस काचनळ्यांमधल्या चिलटांची ओळख प्रस्तुत लेखिकेने फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाच्या लांब सुट्टीत, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि चांगल्यातल्या चांगल्या हेतूने पुसून टाकली. या कार्यात तिला तिच्या सासूबाईंचं बहुमोल सहकार्य लाभलं. चिलटांच्या बाजूने अद्याप एकही तक्रार दाखल झालेली नाही.

ज्याने तक्रार करायला हवी होती तो माणूस आमच्या समोरच्या दारात राहतो.

आम्ही वोल्फ्सबुर्गला असतो. नवरा गाड्यांच्या कारखान्यात आहे आणि मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आम्ही बाबा गेल्यावर पुण्याहून कायमच्या इकडे आणलं. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला इतके फॉर्म्युलार भरून दिले की तेवढ्या कागदांत आईंना गुंडाळून पार्सलनेही पाठवता आलं असतं.

समोरचे आजोबा ऐंशीच्या आसपासचे. मी त्यांना 'हेर नाखबार' म्हणते, ते मला 'फ्राऊ नाखबारिन' म्हणतात. शेजारीबुवा आणि शेजारीणबाई. दारावर दोघांचीही आडनावं लावलेली आहेत, पण एकमेकांची नीट उच्चारता येत नाहीत हे दोघांनीही पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि हा तह केला. त्यांनी आयुष्यभर कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम केलं. तिथे केसाच्या जाडीइतका फरक पकडायचा आणि घरी येऊन चिलटं बघायची. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. ती गेली त्याला तेव्हा दोन हिवाळे झाले होते.

आमची खरी ओळख कढीपत्त्याने करून दिली. आई खिडकीतल्या कुंडीला दिवसातून तीनदा पाणी घालायच्या, त्यामुळे मातीतून काळी, बारीक चिलटं उठायला लागली. ती दाराखालून आजोबांकडे गेली असणार म्हणून मी माफी मागायला गेले. आजोबांनी माझ्या हातावर बसलेलं एक चिलट बघितलं, म्हणजे मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"ट्राउअरमुके," ते म्हणाले. शोक करणारं चिलट. काळे पंख म्हणून. "माझ्या माणसांची ही लांबची चुलत बहीण. या, आत या. दार लावून घ्या, तिला बाहेर जाऊ देऊ नका."

त्यांची माणसं म्हणजे पिल्त्समुकन, अळंबीची चिलटं. तांदळाच्या दाण्याहून लहान, पाठीला पोक, लांब लांब तंगड्या. त्यांच्या अळ्या अळंबीत, कुजक्या ओंडक्यात, ओल्या सालीखाली वाढतात. आपल्याला वाटतं जिवांची गर्दी बघायची तर उष्ण प्रदेशात जावं. यांचं उलटं आहे. थंडी, ओल आणि पडून राहिलेलं झाड जितकं जास्त तितक्या यांच्या जाती जास्त. म्हणून स्वीडन-फिनलंडच्या जंगलात त्यांची नुसती जत्रा. आजोबा म्हणायचे, "आम्हाला तिकडे दरवर्षी जाणं जमेना. मग हार्त्स. गरिबांचं लॅपलंड."

वीस वर्षं नवराबायको हार्त्सच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात जाळीचा तंबू लावत. चिलटं त्यात वर वर चढून अल्कोहोलच्या बाटलीत पडत. बायको ती निवडून छोट्या काचनळ्यांत भरायची आणि प्रत्येक नळीत पेन्सिलीने लिहिलेली नखाएवढी चिठ्ठी टाकायची: जागा, तारीख, गोळा करणारी म्हणून स्वतःचं नाव. मग आजोबा सूक्ष्मदर्शकाखाली बघून जात सांगायचे आणि तीच ती खाली लिहायची. नवऱ्याचं अक्षर म्हणे कोंबडीचे पाय.

आता त्या जंगलात काही नाही. दोन-तीन कोरडे उन्हाळे लागले, साल पोखरणारे भुंगे आले, आणि डोंगरच्या डोंगर करडे, वाळके खांब होऊन उभे राहिले. नंतर तेही कापून नेले. मी गेले आहे तिथे. उन्हात टक्कल चमकावं तसे उतार दिसतात. त्या ओलाव्यातली चिलटं आता असलीच तर या बाटल्यांत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, जात ओळखता येते ती नराची, आणि तीही त्याच्या शेपटाच्या टोकाकडे जे काही असतं त्यावरून. माद्या सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. म्हणून माद्यांच्या नळ्या वेगळ्या, तळघरात, 'डामेन', म्हणजे 'महिला', असं लिहिलेल्या दोन पेट्यांत. मी खूप हसले आणि विसरून गेले. दुसरी गोष्ट ते बोट वर करून म्हणाले. "चिठ्ठी आणि चिलट यांची ताटातूट करायची नाही. चिठ्ठीशिवाय चिलट म्हणजे नुसतं मेलेलं चिलट."

त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. ज्याने जन्मभर सुईच्या टोकाएवढं बघितलं त्याला स्वतःच्या ताटातला बटाटा हुडकावा लागत होता. एका संग्रहालयाने संग्रह घ्यायचं कबूल केलं होतं, त्यासाठी यादी हवी होती. मी म्हटलं, यादी म्हणजे माझा प्रांत.

"लवकर करायला हवं," ते म्हणाले. "तिच्या कबरीची मुदत वीस वर्षांची आहे. पुढे वाढवायला आम्हाला मूल नाही. मुदत संपली की दगड उचलतात आणि जागा दुसऱ्याला देतात. रीतसर आहे, माझी तक्रार नाही. पण संग्रहालयातली बाटली कोणी उचलत नाही. तिथे तिचं नाव राहील."

एवढंच होतं त्यांचं मागणं.

मी चिठ्ठ्या वाचून एक्सेलमध्ये यादी केली. एकशे बेचाळीस ओळी: जात, जागा, तारीख, नळीत नर किती. यादी इतकी सुरेख झाली की मला त्या जुन्या चिठ्ठ्यांची लाज वाटायला लागली. पिवळ्या, सुरकुतलेल्या, काहींचे कोपरे गेलेले. संग्रहालयात या अवतारात जायचं? फिंग्स्टनला आजोबा चार दिवस बहिणीकडे त्सेले गावाला गेले, किल्ली माझ्याकडे होती, आणि मला भेट द्यायची हुक्की आली. मी घरच्या प्रिंटरवर एकशे बेचाळीस चिठ्ठ्या छापल्या. काय ते टपोरं अक्षर. आईंना बसवलं मदतीला. मी चिमट्याने जुनी चिठ्ठी काढायची, नवी सारायची, आणि आई नळ्या परत पेटीत लावायच्या.

"अगं, यांचा काही क्रम?" आईंनी विचारलं.

"काही गरज नाही. प्रत्येकीच्या पोटात तिचं नाव आहे."

तेव्हा आईंनी त्या उंचीप्रमाणे लावल्या, शाळेत प्रार्थनेला उभं करतात तशा. जुन्या चिठ्ठ्या मी रद्दी कागदाच्या डब्यात टाकल्या. डबा मंगळवारी सकाळी कचरागाडीत गेला.

गुरुवारी मी आजोबांना भेट दाखवायला म्हणून पेटी उघडली. ते स्वयंपाकघरात कॉफी करत होते. नळ्यांमधलं अल्कोहोल फिकट निळं झालं होतं, रिकाम्या शाईच्या दौतीत थोडं पाणी घातल्यासारखं. आणि चिठ्ठ्या पांढऱ्या होत्या. स्वच्छ, कोऱ्या, पांढऱ्या. पेन्सिल अल्कोहोलमध्ये शंभर वर्षं टिकते आणि घरच्या प्रिंटरची शाई दोन दिवसही नाही, ही गोष्ट चिलटांच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सॉफ्टवेअर तपासणारी बाई नाही सांगू शकत.

यादी माझ्याकडे शाबूत होती. पण कुठली ओळ कुठल्या नळीची, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

आजोबा कॉफी घेऊन आले, खाली बसले. त्यांना काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. मी पेटी बंद केली आणि म्हटलं की कामं राहिलीत, निघते.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा आठवडा तो. डोक्यात विचार असा चालू: त्यांना दिसत नाही. संग्रहालयवाले पेटी घेऊन जातील, मग त्यांचं ते बघतील. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बॅकअप नाही घेतलास?" आणि माझ्याकडे बघून लगेच कपडे वाळत घालायला गेला.

आईंना सांगितलं तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे त्या बाईचं अक्षर टाकलंस तू?"

"आई, मजकूर आहे माझ्याकडे सगळा."

"मजकुराचं कोण विचारतंय?"

बाबा गेले तेव्हा आई रडल्या नव्हत्या. तेरा दिवस घरात माणसांची रीघ, या चहा गाळत राहिल्या. लोक म्हणाले, काय धीराची बाई. सहा महिन्यांनी डाळीच्या डब्यामागे बाबांच्या हातची वाणसामानाची यादी सापडली. 'तूरडाळ २ किलो, जिरे, काडेपेटी.' तेव्हा दुपारभर रडल्या. ती यादी त्यांच्या पाकिटात व्हिसाच्या कागदांबरोबर जर्मनीला आली आहे. हे मला माहीत होतं, आणि तरीही त्या दिवशी माझ्या हातातल्या चिमट्याला काही कळलं नव्हतं.

"मीही होते ना तिथे," आई म्हणाल्या. "मी पण येते. चल, सांगून टाकू."

आम्ही दोघी गेलो. आईंनी बरोबर नारळाच्या वड्या घेतल्या, कारण रिकाम्या हाताने गुन्हा कबूल करायला जायचं नसतं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं.  मग आजोबांनी विचारलं, "पेन्सिलीच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"कागदाच्या डब्यात टाकल्या. डबा मंगळवारी गेला."

ते खिडकीकडे तोंड करून बसले.  आईंनी वड्यांची ताटली हळूच पुढे सरकवली, मग तीही मागे घेतली.

"आल्झो," ते शेवटी म्हणाले. म्हणजे, तर मग. "फ्राऊ नाखबारिन, तुमचे डोळे कसे आहेत?"

अशा रीतीने, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, मी दर रविवारी दुपारी एका सभ्य जर्मन आजोबांना चिलटांच्या नरांच्या खाजगी भागांचं मोठ्या आवाजात वर्णन करून सांगायला लागले.

योजना सरळ होती. मी सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि बोलायचं. त्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि जात सांगायची. जात कळली की यादीत ती कुठे कुठे आहे ते बघायचं, नळीतले नर मोजायचे, आणि जुळलं तर पेन्सिलीने, होय, पेन्सिलीने, नवी चिठ्ठी लिहायची.

"काय दिसतं?"

"दोन बाजूंनी दोन पाकळ्या. आतून... आमच्याकडे सुपारी फोडायचा अडकित्ता असतो, तसं काहीतरी."

"अडकित्ता माहीत नाही. धार आत की बाहेर?"

"आत. आणि त्याला काळे दात आहेत. फणीसारखे."

"किती?"

"सात."

"पुन्हा मोजा."

"आठ."

"गेनाऊ, बरोबर. सात असते तर ती जात इथे सापडल्याचं मला वर्तमानपत्रात द्यावं लागलं असतं."

आई कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या असायच्या. "काय बघतेस गं एवढं डोळे फाडून?"

"नराचं शेपूट, आई."

"शेपूट म्हणे. सरळ बोल की, माझी तीन बाळंतपणं झालीत."

आजोबा विचारायचे, "ग्नेडिगे फ्राऊ काय म्हणतात?" सन्माननीय बाईसाहेब, हे त्यांनी आईंना दिलेलं नाव. मी सांगायचे, "त्या म्हणतात कॉफी छान आहे." ते आईंकडे मान झुकवायचे, आई मराठीत "असू दे, असू दे" म्हणायच्या, आणि संभाषण पुरं व्हायचं. दोघांचं असं महिनोन्‌महिने चाललं होतं. आई त्यांना गुडघ्याचं सांगायच्या, ते आईंना बटाट्यांचं. कोणाचं काही अडलं नाही.

मला मात्र ती चिलटं आवडायला लागली, आणि हे अगदी अवेळी झालं. एकाच्या टोकाला सांडशी, दुसऱ्याच्या टोकाला विळीचं पातं, तिसऱ्याला असा काही कुरळा काटा की सोनाराने बघून वही काढावी. उघड्या डोळ्यांना सगळी एक, नुसती धूळ. एका ओंडक्यावर इतकी वेगवेगळी कारागिरी नांदत होती आणि ओंडकाच उरला नाही. कधीकधी मी वर्णन करायची थांबायचे. आजोबांना कळायचं. "सुंदर आहे ना," ते म्हणायचे, "तिलाही हे आवडायचं," आणि मग पुढची नळी मागायचे. मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर मला झोप तरी आली असती.

पानगळ संपेपर्यंत एकशे एकतीस जुळल्या. अकरा राहिल्या. त्या एकाच जातीच्या, सारख्याच संख्येच्या, वेगवेगळ्या जागांच्या होत्या, आणि त्यांना वेगळं करू शकेल अशी एकच व्यक्ती होती. ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती.

नोव्हेंबरात संग्रहालयाची बाई आली. तरुण, गालावर खळी, हातात थर्माकोलचे खोके. तिने माझं पेन्सिलीचं लिखाण यादीशी ताडून बघितलं. अकरा नळ्यांपाशी थांबली आणि म्हणाली, "या विद्यार्थ्यांना शिकवायला वापरू." म्हणजे नुसती मेलेली चिलटं. आजोबांनी मान हलवली. गोळा करणारीचं नाव तिने मोठ्याने वाचलं, नीट, प्रत्येक अक्षर. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच तर होतं सगळं. मी आईंकडे बघून हसले देखील.

मग तिने विचारलं, "आणि माद्या?"

आजोबा थोडे थांबले. खूप नाही, पण ज्या माणसाला मी इतके रविवार ऐकलं होतं त्याच्यासाठी खूप. "माद्यांना नावं नाहीत," ते म्हणाले.

"आता चालतं. मादीचा एक पाय पुरतो. प्रयोगशाळेत त्यातून जात कळते. तुमच्याकडे आहेत का?"

'नाहीत' म्हणाले असते तर कोणाला कळलं असतं? तिला नाही. मलाही नाही, मी केव्हाच विसरले होते.

"तळघरात," ते म्हणाले. "दोन पेट्या. फ्राऊ नाखबारिन, आणाल का?"

मी आणल्या. टेबलावर ठेवून पहिलीचं झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिले. ओळीने नळ्या, आणि प्रत्येक नळीत पिवळी, सुरकुतलेली चिठ्ठी. त्यावर पेन्सिलीचं बारीक, उजवीकडे कललेलं, शाळेतल्या बाईंचं अक्षर.

"हेर नाखबार, या तर..."

"जा, जा," ते पटकन म्हणाले. म्हणजे जर्मनमध्ये हो, हो. "डामेनना तुम्ही हात लावला नव्हता." त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उन्हाळाभर, मी अडकित्ते आणि सांडश्या सांगत असताना, खाली तळघरात ते अक्षर होतं, आणि ते त्याबद्दल कोणाजवळ बोलले नव्हते.

"एखादी वाचता?" त्यांनी विचारलं.

मी वाचली. ओढ्याकाठचं कुजलेलं बीचचं झाड, तारीख, तिचं नाव. चिठ्ठीच्या मागेही काही होतं. नळी फिरवून वाचलं. 'तीन तास बघत बसला. मी म्हटलं होतं, बाईच आहे.'

आजोबा हसले. संग्रहालयाची बाईही हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. हुशार मुलगी होती. "तुम्ही मूळ चिठ्ठ्या ठेवून घ्या हवं तर," ती म्हणाली. "आम्ही नव्या करू. किंवा फोटो काढून देते."

"फोटो कशाला? मला दिसत नाही." मग त्यांनी बोट वर केलं, पहिल्या दिवशी केलं होतं तसं. "आणि चिठ्ठी आणि चिलट यांची ताटातूट करायची नाही."

मी गालिच्याकडे बघत राहिले.

त्यांनी चाचपडत दोन्ही झाकणं बसवली. कडा बोटांनी जुळवल्या, एकेक बाजू, मोजमापाच्या खोलीत जुळवत असतील तशा. पेट्या उचलून तिच्या हातात दिल्या, आभार मानले, कॉफी घेणार का विचारलं. तिने घेतली नाही. ती जिना उतरून गेली आणि खाली दार लागल्याचा आवाज आला, तरी त्यांचे दोन्ही हात पुढेच होते, पेटीच्या रुंदीचे, हवेत. चेहरा अगदी नीटनेटका. "आल्झो गुट," ते म्हणाले. "अलेस इन ऑर्डनुंग." सगळं ठीक आहे.

आईंनी वाती खाली ठेवल्या. त्यांना आत्ता झालेल्या बोलण्यातला एक शब्दही कळलेला नव्हता. त्या उठल्या, आजोबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांचे हवेतले दोन्ही हात धरून खाली घेतले, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठ्याने, स्वच्छ मराठीत म्हणाल्या,

"अहो, रडा की आता एकदाचे."